राक्षसाच्या मुठीत जैसे थे

परभणीत, वसमत रोडवरच्या एका भाड्याच्या घरात, रविवारी दुपारी चहाच्या वेळेस एका राक्षसाने कुसुमबाईंना मुठीत पकडले. त्या वेळी खोलीत त्यांच्या मदतीस एक गदाधारी योद्धा आणि एक सिद्ध मांत्रिक असे दोघे जण हजर होते. परंतु दोघांच्याही हातात भरलेल्या बशा असल्यामुळे तातडीने काही करता आले नाही.

राक्षस अर्थात खेळातला होता. हा खेळ भुजंगच्या मेव्हण्याने अमेरिकेहून एका खोक्यात घालून पाठवला होता. भुजंग सरकारी नोकरीत कनिष्ठ अभियंता होता आणि त्या काळी कनिष्ठ अभियंत्याला रविवारी दूरदर्शन संपल्यावर काय करावे हा प्रश्न पडत असे. त्याने खोक्यातले पुस्तक शब्दकोश घेऊन वाचले आणि खेळ समजून घेतला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार सांगतो, तुमच्यासमोर अशी अशी गढी आहे, तिच्या दारात असा असा प्राणी उभा आहे, आता तुम्ही काय करता? ज्याने त्याने आपल्या पात्राचे म्हणणे सांगायचे आणि वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर साधले, लहान पडला तर फसले, वीस पडला तर असे साधले की पुढे कोणी बोलायचे नाही. प्रत्येक पात्राजवळ थोडा ‘जीव’ असतो. मार बसला की तो कमी होतो आणि संपला की पात्र मरते. माणूस चहा पिऊन घरी जातो.

खेळायला सगळ्यात आधी आल्या त्या कुसुमबाई. त्या पेडगावच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि भुजंगच्या आईच्या, म्हणजे सुमनबाईंच्या माहेरच्या ओळखीच्या होत्या. सहा दिवस कुसुमबाई हेडमास्तर सांगतील ते करत, सातव्या दिवशी घरचे सांगतील ते. पहिल्याच रविवारी भुजंगने त्यांना विचारले, “बाई, तुम्ही धनुष्य घेऊन नदीकाठी उभ्या आहात. आता काय करता?” त्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. भुजंगला वाटले, प्रश्न कळला नाही. प्रश्न कळला होता. असे कोणी विचारण्याची त्यांना सवय नव्हती, एवढेच. मग त्या म्हणाल्या, “पलीकडं जाते.” तेव्हापासून चपला नावाची ती तिरंदाज बाई दर रविवारी नद्या, भिंती आणि कडे ओलांडत होती आणि कुसुमबाई दर रविवारी सकाळची एसटी पकडून येत होत्या.

पेडगावचेच दिनकरराव दुसरे. चांगली बागाईत शेती, आवाज मोठा आणि स्वभाव त्याहून मोठा. त्यांच्या पात्राचे नाव वज्रसेन, हाती गदा. तिसरे व्यंकटराव. हे एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते आणि भुजंगच्या वडिलांचे जुने स्नेही होते, म्हणून त्यांना कोणी ‘तुम्ही येऊ नका’ म्हणू शकत नव्हते. त्यांनी मांत्रिक घेतला. नाव अग्निशर्मा, वय तीनशे वर्षे.

सुरुवातीच्या लढाया फार वाईट झाल्या. एका गुहेत मूठभर वटवाघळे होती. तेवढ्यांशी लढण्यात अख्खी दुपार गेली. तिघेही एकाच वेळी बोलत. वज्रसेन मेलेल्या वटवाघळांना पुन्हा मारी. “मेलं ते, दिनकरराव,” असे भुजंगने सांगितले तर ते म्हणत, “मेलं आसंल, पर आपली खात्री नको का?” व्यंकटराव आधीच्या वारावर नंतर हरकत घेत. संध्याकाळी भुजंगचा घसा बसला आणि सुमनबाईंनी त्याला हळदीचे दूध दिले.

भुजंगने पुन्हा पुस्तक काढले. त्यात उपाय होता आणि तो इतका साधा होता की आपल्याकडे चालेल असे वाटत नव्हते. लढाई सुरू झाली की प्रत्येकाने एकदा फासा टाकायचा, मोठा आकडा त्याची पाळी पहिली. दुसऱ्याची पाळी चालू असताना आपण काय करणार ते मनात ठरवून ठेवायचे. पाळी आली की लगेच सांगायचे. दहा मोजेपर्यंत बोलले नाही तर पाळी पुढे गेली. बस्स.

आणि नवल असे की हे चालले. पुढच्या रविवारी पिंपळावरच्या वेताळांशी लढाई झाली आणि चहाला उकळी फुटायच्या आत संपली. वज्रसेनने दोघांना लोळवले, चपलाने फांदीवरून तिसऱ्याच्या डोळ्यात बाण मारला. कुसुमबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या, ते त्यांना नंतर कळले. दिनकरराव म्हणाले, “लय मजा आली राव. भांडन न होता लढाई होऊ शकती, हे आज बगितलं.”

फक्त एक गोष्ट घडली होती. व्यंकटरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, “या ठिकाणी असे नमूद करावेसे वाटते की...” तेवढ्यात भुजंगचे दहा मोजून झाले. “काका, पाळी गेली तुमची.” लढाई पुढे गेली, वेताळ मेले, सगळे हसले, व्यंकटरावही हसले. परंतु ज्या माणसाच्या सहीशिवाय आयुष्यभर काही पुढे गेले नाही, त्याच्यावाचून तीन वेताळ मेले होते. ही गोष्ट लहान नव्हती.

आठवडाभर ते कोणाशी फारसे बोलले नाहीत. पुढच्या रविवारी वेळेआधी आले.

“भुजंगराव,” ते म्हणाले. एरवी ते ‘भुजंगा’ म्हणत. “लढाई सुरळीत झाली पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण पाळीचा क्रम फाशावर ठरवणे म्हणजे जुगार. उद्या एखादे नवखे पोर आले आणि त्याला मोठा आकडा पडला, तर ते माझ्या आधी वार करणार?”

“हो काका. तसंच आहे ते.”

“तेच म्हणतो. क्रम ज्येष्ठतेने ठरावा. आणि मोजणे बंद. विचार करणाऱ्या माणसासमोर आकडे मोजणे हा अपमान आहे.”

वडिलांच्या स्नेह्याला नाही म्हणणे भुजंगला जड गेले. त्याला वाटले, एवढ्याने काय होते? तिघे तर आहेत. तो हो म्हणाला.

त्याच दुपारी त्या राक्षसाची गाठ पडली. काळ्या पाण्याच्या गढीत गावची माणसे कोंडलेली होती. वज्रसेन आणि अग्निशर्मा दारात उभे राहून आत कोणी जायचे यावर बोलत होते, तेवढ्यात चपलाने भिंतीवरून आत उडी मारली, मागचा दिंडी दरवाजा उघडला आणि सगळी माणसे बाहेर काढली. शेवटचे म्हातारे बाहेर पडते न पडते तोच राक्षस आला आणि त्याने तिला मुठीत धरले. दर फेरीला तो मूठ आवळणार होता आणि दर फेरीला तिचा जीव थोडा कमी होणार होता.

“लढाई सुरू,” भुजंग म्हणाला. “पाळी ज्येष्ठाची. कोण?”

“मी,” कुसुमबाई म्हणाल्या. “खेळायला सगळ्यांच्या आधी मी आले.”

“तो काळ हंगामी होता,” व्यंकटराव म्हणाले. “खेळ रीतसर सुरू होण्यापूर्वीची सेवा धरता येत नाही. शिवाय अग्निशर्मा तीनशे वर्षांचे आहेत.”

“आन् वज्रसेन पुढं हुबा हाय,” दिनकरराव बशी खाली ठेवत म्हणाले. “जो पुढं त्याची पाळी आधी. तीनशे वर्साचा मानूस आजून रिटायर कसा न्हाई झाला म्हनतो मी?”

व्यंकटरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले. त्यांच्या निरोपसमारंभाला दिनकररावही होते. अधीक्षकांना शाल दिली होती आणि दुसऱ्या दिवशी ते सवयीने कार्यालयात गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता, हे सगळ्या परभणीला माहीत होते.

दिनकरराव मनाचे वाईट नव्हते. त्यांना फार लागले. “तसं न्हाई रावसाहेब,” ते घाईने म्हणाले, “मला म्हनायचं व्हतं की तुमच्यासारख्या जानत्या मानसानं हे सगळं एकदा मार्गी लावून द्यावं. एक कमिटी करा. तुमी अध्यक्ष.”

व्यंकटरावांनी चष्मा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आले.

अशा रीतीने, केवळ एका माणसाचे मन राखण्यासाठी, सुरळीत युद्ध समिती स्थापन झाली. व्यंकटराव अध्यक्ष, भुजंग सदस्य-सचिव. कुसुमबाई मुठीत असल्यामुळे त्यांना घेता आले नाही.

“अहो, पण आधी मला सोडवा की!” कुसुमबाई म्हणाल्या. “कमिटी मग बसवा.”

“बाई, तुमच्यासाठीच चालले आहे हे,” व्यंकटराव अत्यंत मायेने म्हणाले.

दिनकररावांनाच राहवले नाही. त्यांनी फासा उचलून टाकला. सतरा! “हानला! गुडघ्यावर हानला!” ते ओरडले. राक्षसाचा गुडघा फुटायला हरकत नव्हती. पण अध्यक्षांनी हात वर केला. प्रस्ताव नाही, अनुमोदन नाही, असा वार त्यांना ग्राह्य धरता येईना. उद्या कोणीही उठून कोणालाही मारील. दिनकरराव चिडून उठले, पायात चप्पल घालू लागले. तेव्हा व्यंकटराव शांतपणे म्हणाले, “उपाध्यक्षांनीच असे केले तर बाकीच्यांनी काय करावे?”

दिनकरराव एका पायात चप्पल घालून थांबले. “उपाध्यक्ष कोन?”

“तुम्ही.”

दिनकररावांनी चप्पल काढली आणि परत येऊन बसले. या वेळी जरा ताठ बसले. पुढच्या रविवारी त्यांनी धोतराऐवजी पँट घातली होती आणि कोणी मध्ये बोलले तर ते “एक मिन्ट, एक मिन्ट” असे म्हणू लागले होते.

भुजंगने विरोध करायला हवा होता. परंतु त्याच्या लक्षात एक गोष्ट आली होती. समिती झाल्यापासून त्याचा घसा बसत नव्हता. लढाई चालवण्याचे सगळे कष्ट वाचले होते, कारण लढाई चालत नव्हती. तो फक्त ‘पुढील सभेत ठेवावे’ एवढे म्हणे आणि सगळे समाधानाने मान डोलवत.

पुढच्या सभेत व्यंकटरावांनी नवा मुद्दा काढला. राक्षसाला मारायचे हे ठीक, पण त्याचे म्हणणे ऐकून घेतले आहे काय? ऐकून न घेता मारले तर उद्या सगळी कारवाई रद्द होईल. राक्षसाच्या वतीने एरवी सूत्रधार बोलतो, पण सूत्रधार समितीचा सचिव असल्याने त्याला विरुद्ध बाजूने उभे राहता येईना. तेवढ्यात सुमनबाई रिकाम्या कपबशा न्यायला आल्या.

“वहिनी, बसा,” व्यंकटराव म्हणाले. “तुम्ही राक्षस.”

“मी?” सुमनबाई म्हणाल्या. “सकाळपासून चौथ्यांदा चहा टाकला, आन् मीच राक्षस?”

मामला समजावून सांगितल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि बसल्या. त्यांना कोणी आजवर या खेळात बसवले नव्हते. दाराआडून मात्र त्यांनी सगळा खेळ ऐकला होता. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळून वर धरली, म्हणजे चपला कुठे आहे ते सगळ्यांना दिसावे.

“मी काय म्हनते,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम भारदस्त झाला. “गढी कुनाची? माझी. न इचारता आत कोन घुसलं? ही बाई. कोंडून ठिवलेली मानसं कुनाची व्हती?”

“गावाची,” कुसुमबाई म्हणाल्या.

“बरं, मानसं गावाची. पर जेवन तर माझं व्हतं का न्हाई?”

दिनकरराव फिसकन हसले आणि लगेच उपाध्यक्ष झाले. व्यंकटराव मात्र पुढे वाकून ऐकत होते. “मुद्दा विचार करण्याजोगा आहे,” ते म्हणाले. “मालकी हक्काचा प्रश्न उपस्थित झाला आहे. निकाल लागेपर्यंत स्थगिती द्यावी लागेल. दोन्ही बाजूंनी परिस्थिती जैसे थे ठेवावी. राक्षसाने मूठ आवळू नये, आपण वार करू नये.” मग कुसुमबाईंकडे वळून, “पाहिलंत बाई? तुमचा जीव आता कमी होणार नाही. प्रक्रियेत ताकद असते.”

कुसुमबाईंनी सुमनबाईंच्या मुठीकडे पाहिले. त्यांच्या मनात आले, चपला त्या मुठीत डोके बाहेर काढून बसली असेल आणि खालून दोन माणसे तिला सांगत असतील की सगळे ठीक आहे.

त्यानंतरचे रविवार असेच गेले. गढी कोणाची यावर बोलणे झाले, गढीच्या आधी तिथे काय होते यावर झाले. दिनकररावांनी राक्षस स्थानिक आहे की बाहेरचा हा प्रश्न लावून धरला. कुसुमबाई येत राहिल्या. पहिले काही आठवडे त्या बोलत, मग त्या सहामाहीचे पेपर तपासायला घेऊन येऊ लागल्या. ‘आता काय करता?’ असे त्यांना कोणी विचारत नव्हते. विचारायचे कारणही नव्हते, मुठीतला माणूस काय करणार? एसटीत बसल्यावर त्या मनाशी ठरवत की पुढच्या रविवारी यायचे नाही. मग शनिवारी रात्री वाटे, आपण गेलो नाही तर ती तिथे एकटी राहील.

एका सभेत सुमनबाईंनीच तोंड उघडले. “मला काय म्हनायचंय,” त्या डाव्या हाताने उजवे मनगट दाबत म्हणाल्या, “माझा हात लय दुखायलाय. भूक बी मोडली. मला ही बाई खायची न्हाई. सोडून देऊ का?”

कुसुमबाईंच्या हातातला लाल पेन थांबला. भुजंगने मान वर केली.

“तसे परस्पर सोडता येणार नाही,” व्यंकटराव म्हणाले.

“का बरं?”

“जैसे थेचा हुकूम आहे. तुम्ही सोडले तर परिस्थिती बदलेल. हुकूम मोडला म्हणून तुमच्यावर कारवाई करावी लागेल.”

“काय कारवाई?”

व्यंकटरावांनी थोडा विचार केला. “आम्ही हल्ला करू.”

“मग करा की!” कुसुमबाई ओरडल्या. “तेच तर हवंय! राक्षस सोडायला तयार, मी सुटायला तयार. मग अडलंय कुठं?”

“काही अडलेले नाही,” व्यंकटराव म्हणाले. त्यांना खरोखर दुखावल्यासारखे झाले होते. “बाई, आठवा ती वटवाघळे. किती आरडाओरडा! घसे बसले. आज पहा, आवाज चढत नाही, कोणी कोणाच्या मध्ये बोलत नाही, कोणाचा जीव जात नाही. इतकी सुरळीत लढाई तुम्ही कुठे पाहिली आहे काय?”

आणि हे खोटे नव्हते. कुसुमबाईंनी पुढचा पेपर ओढला.

या सुरळीतपणाची कीर्ती पसरली. दिनकररावांची सासुरवाडी चुडाव्याची. तिथे त्यांनी बोलता बोलता सांगितले आणि चुडाव्याच्या मंडळींनी समितीला मार्गदर्शन शिबिरासाठी बोलावणे पाठवले. तिथे तो खेळ कोणाकडेही नव्हता. फासा कोणी पाहिला नव्हता. राक्षसाशी कोणाचे वाकडे नव्हते. त्यांना फक्त कार्यपद्धती हवी होती. खेळ काय, मागाहून बघता येईल, असे त्यांचे म्हणणे पडले.

सगळे पॅसेंजरने गेले. स्टेशनाजवळच्या एका रिकाम्या गोदामात सतरंज्या टाकल्या होत्या, मागे फलक होता, समोर माणसे दाटीने बसली होती. हार झाले, नारळ झाले. प्रास्ताविकात दिनकररावांनी वटवाघळांचा प्रसंग अशा आवेशाने सांगितला की त्यात मेलेली वटवाघळे जिवंत असतानापेक्षा जास्त झाली. मग व्यंकटराव बोलायला उठले. त्यांच्या अंगावर ती निरोपसमारंभाची शाल होती. ते सुंदर बोलले. लढाईत घाई हाच खरा शत्रू आहे, हे त्यांचे वाक्य लोकांनी उचलून धरले.

प्रात्यक्षिकासाठी व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर सुमनबाई मूठ वर धरून, दुसरीवर कुसुमबाई. “या राक्षस,” व्यंकटराव ओळख करून देत होते, “आणि या मुठीतल्या बाई. आपण पाहत आहातच की कितीही महिने झाले तरी बाईंचा जीव एका अंशानेही कमी झालेला नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतला एक म्हातारा माणूस पुढे झुकून कौतुकाने म्हणाला, “लय गुनाची बाई हाय. हलत बी न्हाई.”

कुसुमबाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग टेबलावर, हारांच्या मध्ये, शोभेला मांडून ठेवलेल्या फाशाकडे पाहिले. त्या उठल्या. बोलायला उठल्या असे वाटून व्यंकटराव मागे सरले.

“चपला त्याच्या अंगठ्याला चावते,” कुसुमबाई म्हणाल्या आणि फासा टाकला.

तो टेबलावर गडगडला, नारळाला धडकला आणि थांबला. भुजंग सगळ्यात जवळ होता. तो वाकला. “वीस!” तो ओरडला. कित्येक महिन्यांत त्याचा आवाज इतका मोठा निघाला नव्हता. “वीस पडला!”

“आई गं!” सुमनबाई किंचाळल्या. त्यांनी मूठ उघडली, हात हवेत झाडला, खुर्चीवरून उठून दोन हेलकावे खाल्ले आणि सतरंजीवर अशा काही कोसळल्या की मागच्या रांगांतली माणसे उभी राहिली. “मेले! खंदकात पडून मेले!” त्यांनी पडल्या पडल्या सांगितले, म्हणजे कोणाला शंका राहू नये.

गोदाम दणाणले. शिट्ट्या झाल्या. ज्यांना खेळ माहीत नव्हता त्यांनाही कळले की बाई सुटली आणि राक्षस मेला. दिनकरराव उपाध्यक्ष असल्याचे विसरून “हानला! हानला!” करत नाचायला लागले. तो म्हातारा माणूस डोळे पुसत होता. कुसुमबाई टेबलापाशी उभ्या होत्या. आपण हसतो आहोत की रडतो आहोत हे त्यांना कळत नव्हते.

टाळ्या थांबेपर्यंत व्यंकटराव थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

“आकडा वीस आहे, हे मान्य,” ते म्हणाले. “बाईंचे अभिनंदन. फक्त एक शंका. पाळी कोणाची होती?”

दिनकररावांचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

“ते बी खरंच हाय,” तो म्हातारा डोळे पुसायचे थांबून म्हणाला.

“मुठीतल्या माणसाला पाळी असते काय?” मागून कोणी विचारले. “जीव हाय तर पाळी हाय,” दुसरा म्हणाला. “आन् जैसे थे व्हतं त्याचं काय?” “ज्येष्ठतेचा फैसला आधी करा!” ज्यांनी त्या दिवसापर्यंत फासा पाहिला नव्हता ते आता बाह्या वर करून भांडत होते. मग दिनकररावांनी टेबलावर थाप मारली, “एक मिन्ट, एक मिन्ट!” आणि शिबिर दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवण्यात आले.

सुमनबाई अजून सतरंजीवर होत्या. त्यांनी एक डोळा उघडून कुसुमबाईंना हळूच विचारले, “बाई, मी मेले का न्हाई?”

“मेलात.”

“मग उठू?”

“उठा. गाडीची वेळ झाली.”

त्या दोघी स्टेशनकडे चालू लागल्या. फासा कुसुमबाईंच्या पर्समध्ये होता. त्यांनी तो घेतल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण कार्यपद्धतीला त्याची गरज पडत नव्हती.

भुजंग मात्र शिबिर संपेपर्यंत राहिला आणि पुढच्या काही सभांनाही बसला. मग एका रविवारी तो सभेला न बसता पेडगावला गेला. शाळेच्या व्हरांड्यात कुसुमबाई, त्याची आई आणि गावातल्या सुलाबाई, बायनाबाई अशा चौघी बसल्या होत्या. शेंगांची टोपली मध्ये होती. सूत्रधार कुसुमबाई होत्या.

“मगर सुलाबाईंच्या पायाशी आली,” त्या म्हणाल्या. “सुलाबाई, तुम्ही काय करता?”

“इळा घालते तिच्या जबड्यात,” सुलाबाई शेंग फोडता फोडता म्हणाल्या आणि फासा टाकला. बायनाबाईंनी शेपूट धरले. सुमनबाईंनी वरून खडक ढकलला. भुजंगने सायकल भिंतीला लावली तोपर्यंत मगर मेली होती.

त्याला बसायला जागा करून दिली. नवे पात्र दिले. पहिल्याच लढाईत एका अजगराने त्याला गिळले आणि कोणी बाहेर काढायच्या आत त्याचा जीव संपला. मरताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सुमनबाईंनी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि कुसुमबाईंनी त्याच्यापुढे शेंगा सरकवल्या. संध्याकाळी सायकलने तो परत गेला आणि पुढच्या रविवारी पुन्हा मरायला आला.

समितीचे काम आजही सुरळीत चालू आहे. राक्षस मेला आहे, परंतु निर्णयाच्या अधीन राहून मेला आहे.

ही हकीकत आम्ही बऱ्याच ठिकाणी सांगितली. सगळीकडे लोक व्यंकटरावांना पोटभर हसतात. हसून झाले की थोडे थांबतात, इकडे तिकडे पाहतात, खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “ते सगळं सोडा हो. पण खरं सांगा, नियमानं बघितलं तर पाळी होती कुणाची?”

वाचकांपैकी ज्यांच्या मनात हा प्रश्न आलाच नाही त्यांना आमचा नमस्कार. बाकीच्यांनी कृपया बसून राहावे. समितीत जागा रिकाम्या आहेत.